मासिक अहवाल

विडी घरकुल, एप्रिल. पंखा बंद.
एकूण जन्म तेवीस.
मुलगे बारा, मुली अकरा.
सिस्टरबाईंनी बेरीज दोनदा केली,
आधी पेन्सिलीनं, मग शाईनं.

बाराव्याला नाव नाही.
रडला होता का, एवढंच फॉर्म विचारतो.
रडला असेल तर जन्म, आणि मग मृत्यू,
दोन्ही रकान्यांत एकेक.
नाहीतर कागदच वेगळा.

नागमणी गुंडेटी दारात उभी,
बोटांना तंबाखूचा वास.
रोज हजार विड्या मोजून देते ती.
कारखान्यात छाट निघते,
तिचे पैसे नसतात.

"रडला की ओ," ती म्हणाली,
"मांजराच्या पिलागत. एकदाच.
छाटीत नका टाकू त्याला."

सिस्टरबाईंनी बारावर
पुन्हा एकदा शाई फिरवली.