सतरावं वळण

बसा. त्या फळीवर नको, ती डुगडुगते.
चुकून आलात या रस्त्यानं, की मुद्दाम?
आता इथं चुकलेलेच येतात,
नाहीतर सायकलवाले, पिळदार पोटऱ्यांचे,
जे काहीच विकत घेत नाहीत.

चढ-उतार मिळून अडतीस वळणं,
आणि सतराव्यावर आम्ही.
दहा-बारा वळणं माणूस फुशारकीत असतो,
चौदाव्याला गप्प होतो,
सोळाव्याला काच खाली घेतो,
सतराव्याला गाडी थांबायचीच.
वडिलांनी, लांब्रो त्यांचं नाव,
ही जागा देखावा बघून नाही निवडली,
ओकारीचा हिशेब करून निवडली.

लिंबू, डोंगरी चहा, मीठ लावलेली काकडी.
मागे सिमेंटचा घुमट दिसतो ना, तो बंकर.
शत्रू येणार म्हणून बांधला, शत्रू काही आला नाही.
आम्ही त्यात मध ठेवला.

तोंड पुसून माणूस ताठ उभा राहायचा
आणि तेव्हा कुठे त्याला दिसायचा समुद्र.
एकदम. हजार मीटर खाली, आवाजाशिवाय.
पांढऱ्याफटक चेहऱ्यांवर रंग परत येताना
मी तीस वर्षं पाहिलाय.
त्या घटकेला कुणी घासाघीस करत नाही.
दोनशे लेक म्हटलं की दोनशे लेक.

का हसलात?
तुमच्या भाषेत लेक म्हणजे मुलगी?
बरं. मग ऐका.

डोंगराच्या पोटातून त्यांनी बोगदा काढला.
आठ मिनिटं, बस्स.
फीत कापली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या,
खोटं कशाला बोलू.
पोलिक्सेनीला कळा सुटल्या त्या रात्री
खालून शहराकडे याच रस्त्यानं निघालो होतो,
आणि मुलगा बाविसाव्या वळणावर झाला.
राहिला नाही.
म्हणून टाळ्या.

पुढच्याच उन्हाळ्यात किनारा भरला.
जिथं दोन होड्या आणि एक अंजीर होतं
तिथं छत्र्यांच्या रांगा;
वाळूवर बसायचं तर वाळू भाड्यानं घ्या.
चुलतभावानं ऑलिव्ह तोडून पार्किंग केलं,
चांगलं चाललंय त्याचं.
माझी मरिएता तिथल्या हॉटेलात, चार भाषांत हसते.
लेकही खाली गेले, लेकही खाली गेली.
पाहा, तुमचाच शब्द, माझ्या कामी आला.

ती म्हणते, लोकांना समुद्र हवाय बाबा, घाट नकोय.
असेल.
मी एकदाच गेलो बोगद्यातून, भाच्याच्या गाडीत.
दिवे, दिवे, पंखे, दिवे, आणि लगेच समुद्र,
भूक लागायच्या आधीच वाढून ठेवलेलं ताट जसं.
भाचा फोनवर बोलत होता.
त्यानं मानही वर केली नाही.

मग जुलैत एक दिवस आत बस पेटली.
माणसं वाचली, बोगदा बंद.
दुपारी दोनला सगळा उन्हाळा वर आला,
हॉर्न, रडणारी पोरं, छपरावर बांधलेल्या रबरी मगरी.
सतराव्याला दारं उघडली
आणि सगळेच्या सगळे कठड्याशी वाकले.
वडिलांचा हिशेब अजून तंतोतंत होता.
पण माझ्याकडे एक लिंबू नव्हतं.
किटली तर मार्चमध्येच विकलेली.
झऱ्याचं पाणी दिलं, ज्याच्या त्याच्या ओंजळीत.
एका बाईनं पैसे पुढे केले.
पाण्याचे कसले घ्यायचे?
चारला रस्ता मोकळा झाला,
पाचला माझा खोकला मलाच ऐकू आला.

तेव्हापासून रोज चार लिंबं आणून ठेवतो.
सुकतात. मग माझ्याच चहात पिळतो.
हे घ्या, राहू द्या, पैसे नकोत.
एकवीस वळणं उरलीत अजून.
बाविसाव्याला जरा हळू घ्या.