आपलीच लागते

राजारामपुरीत, सातव्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
मगदूम मॅडमनी माझ्या पोटाला चिमटा घेतला
आणि म्हणाल्या, "फारच कमी आहे गं."
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी
माझ्या बारीक असण्याची तक्रार
लग्नाचं नाव न काढता केली.

मग वण. मानेवरून कोपरापर्यंत.
तो त्यांनी अंगठ्यानं दाबला,
जसा दत्तबा गुळव्या पाक पाण्यात टाकून
बोटांत गोळी करून बघायचा.
"कडक आहे अजून."

अकरा वर्षं.
काहिलीतला रस उतू आला, चिपाडावरून पाय घसरला,
पुढचं मला इतरांनी सांगितलेलंच आठवतं.
जखम भरली, पण थांबायचं विसरली.
भरतच गेली,
सुतळीवर सुतळी, पीळ घट्ट.
हंगामाला धुराडं पेटलं की खाजायची,
साखर कारखान्याच्या आधी तिला तारीख कळायची.
सुया झाल्या, सिलिकॉनच्या पट्ट्या झाल्या,
उन्हाळ्यातसुद्धा बंद गळ्याचे ड्रेस झाले.

मॅडम सांगत होत्या:
तुझीच चरबी काढायची, यंत्रात फिरवायची,
तेल वर येतं, ते टाकून द्यायचं,
(मळी, मी मनात म्हटलं)
तळाला उरतं त्यात मूळपेशी असतात,
त्या वणाखाली सोडायच्या.
"जाईल?"
"मऊ होईल असं वाटतं. जाईल, असं मी म्हणणार नाही."

आई इतका वेळ पिशवी मांडीवर घेऊन गप्प.
एकदम म्हणाली, "माझी घ्या की.
मी लई साठवलोय."
आणि पदर बाजूला सारून दाखवायलाच लागली.

त्या दिवशी मला "जरा बघ" सांगून
ती रानभेंडीचं पाणी आणायला गेली होती.
हे आमच्यात कधी निघालेलं नाही.

मॅडम हसल्या नाहीत.
"मावशी, आपलीच लागते. दुसऱ्याची अंग धरत नाही."
"दुसऱ्याची कुठं," आई म्हणाली.

मग तीन महिने मला पोसणं.
शेंगदाण्याची पोळी, वर तूप, वर दूध,
नको म्हटलं की ताटाशेजारी नुसती बसून राहायची.
साडेचार किलो.
सुईच्या नळीत पाहिलं मी ते:
पिवळं, घट्ट, गार झालेल्या काकवीसारखं.
एवढंसंच.

वण आहे.
मान आता उजवीकडे थोडी जास्त वळते.
यंदा धुराडं पेटल्याचं मला वासावरून कळलं,
मग बराच वेळ मी तिथंच उभी राहिले,
खाजेची वाट बघत.

रात्री दिवा घालवायच्या आधी
आई अंगठ्यानं दाबून बघते.
"गोळी हुतीया अजून," म्हणते,
आणि अंगठा काढत नाही.