वीतभर डावीकडे

पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हापासून
पालथं पडून नेम धरणं संपलं.
आता तिपाई. छातीच्या उंचीला रायफल,
आणि मी उभी,
फाटकाला टेकून शेजाऱ्याशी बोलावं तशी.

रूआरीनं पर्थहून खोकं पाठवलं.
आत साबणाच्या वडीएवढं रडार
आणि चिठ्ठी : "आई, अंदाज पुरे झाले."
पोरगा खाणीत मोजमापं घेतो, त्याला आकड्यांचा पगार आहे.
मी चाळीस वर्षं टसकचं गवत कुठे झुकतंय ते बघून मारत आले.
पण गेल्या हिवाळ्यात एक हरिणी
तंगडी ओढत ओढ्यापलीकडे गेली,
अंधार पडेपर्यंत सापडली नाही.
म्हणून खोकं उघडलं.

आधी जमिनीवर ठेवलं, सपाट शिस्टच्या चिपेवर.
गोळी त्याच्या डोक्यावरून गेली.
पडद्यावर नुसत्या रेघा.
लॅखी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर बसून म्हणाला,
"ते टेबलाचं यंत्र आहे, नायरी.
काट्याशेजारी सुरी ठेवतात तसं
रायफलीशेजारी निवांत पडून राहणारं.
तू उभी राहिलीस, मग त्यालाही उभं कर."

तिपाईच्या पायालाच आवळलं मग.
धक्का बसला, तिपाई हलली,
रडारनं मान डोलावली, सगळं पटल्यासारखी.
आकडा दिला नाही.

जरा पुढे सरकवलं, नळीच्या तोंडाच्याही पुढे.
ब्रेकमधून आडवी फुंकर सुटली
आणि ते तोंडघशी मटागौरीच्या काट्यांत.
काढताना माझं मनगट सोलवटलं.

पुसून पुन्हा चालू केलं, नीट लावते आहे,
तेवढ्यात लॅखीनं मधेच ससा टिपला
आणि पडद्यावर झळकलं : एकोणतीसशे चाळीस.
माझं काडतूस अजून खिशात होतं.

जेवणं झाल्यावर मी कुंपणाचा एक वाराटा आणला,
हा आमच्याकडचा लोखंडी खांब, कुठल्याही कामाला येतो.
तिपाईला न शिवता, घणानं ठोकला.
वर पत्र्याचा तुकडा, त्यावर रडार.
नळीच्या उंचीला. वीतभर डावीकडे,
कारण रिकामी पुंगळी उजवीकडे उडते.
तोंडापासून चार बोटं मागे,
म्हणजे फुंकर पुढच्या पुढे जाईल.
आणि मग त्याचं तोंड फिरवत बसले.
गोळीकडे नाही. माझ्याकडे तर नाहीच.
नळी जिथे बघते तिथे,
चारशे मीटरवरच्या त्या गंजक्या पाटीकडे,
गुडघे टेकून, एक डोळा मिटून, केसभर इकडे, केसभर तिकडे.

ग्रेगर पस्तीस वर्षं माझ्यासमोर बसला, टेबलापलीकडे.
मला बघायचा, हे मी नाकारत नाही.
मी खिडकीतून कुठे बघते आहे
हे बघायला कधी मान वळवली नाही.
आता डनीडिनला असतो. म्हणे समुद्र दिसतो तिथून.

पहिली गोळी : सव्वीसशे बारा.
दुसरी सव्वीसशे एकोणीस. तिसरी पुन्हा बारा.
काडतुसांच्या खोक्यावर मात्र ठळक छापलंय, सत्तावीसशे.
"छापलेलं खरं असतं तर," लॅखी म्हणाला,
"माझी मेंढरं सगळी बक्षिसांची असती."
नव्वद फुटांचा फरक.
चारशे मीटरवर तो किती खाली ओढतो
ते पेन्सिलीनं पाटावर लिहून काढलं.
हरिणीच्या तंगडीपर्यंत पोचतो का ते धरून बघितलं.
नाही पोचत. थोडं तिचं, थोडं वाऱ्याचं,
उरलेलं माझं.

सहाव्या गोळीला रडारची बॅटरी गेली.
मी तरी मारली.
गोळी गेली, मग शांतता,
मग दरीतून उशिरा आलेला पाटीचा टणका.
रूआरीला पाचच आकडे पाठवले.

खांब उपटायचा राहून गेला.
सकाळी त्यावर मॅगपाय बसला होता,
बरोबर नळीच्या उंचीला,
तोंड मात्र घराकडे.