मंदाने मारलेली गाठ

कोजागिरी झाली की कूलर झाकायचा, हे काम तिचं.
गेल्या वर्षीही तिनेच झाकला,
चिंचेच्या पाल्याच्या रंगाचं जुनं पातळ दोनदा गुंडाळून,
आणि खिडकीच्या गजाला अशी गाठ मारली
की वारा म्हणेल, जाऊ दे बापा.

पौषात ती गेली.
मेडिकलच्या ओपीडीतही शब्द गाठ हाच होता.
दोन्ही गाठींपुढे मी सारखाच बावळट.

माणसं आली. वर्ध्याची, काटोलची, पिशवीतून संत्री घेऊन.
वेळ हेच औषध, म्हणाली.
मी मान हलवली, संत्री सोलली,
बिया मोजत बसलो.
एक पिशवी फ्रिजमध्ये तशीच राहिली,
संत्री वाळून सुपारीएवढी झाली.

होळीनंतर मेडिकल चौकात ताट्यावाले बसले.
लांबूनच वाळ्याचा वास आला,
तशी मी स्कूटर वळवली,
हनुमाननगरच्या फेऱ्याने घरी आलो.

एप्रिल. त्रेचाळीस. चव्वेचाळीस.
मी गच्चीवर झोपायचो.
पुण्याहून मुलगी विचारायची, बाबा, कूलर लावला का?
लावला, म्हणायचो,
आणि टेबलफॅन फोनजवळ ओढायचो
तिला घरघर ऐकू यावी म्हणून.

नवतपा लागला त्या दुपारी
वरच्या मेश्रामांची सून खाली आली.
खांद्यावर दीड महिन्याचं पोर, घामोळ्यांनी लालबुंद.
"काका, आमच्या कूलरची मोटर जळली.
मिस्त्री उद्या येतो म्हणते.
तुमच्याकडे घटकाभर..."
मग तिला झाकलेला कूलर दिसला.
ती पुढे बोलली नाही.
पोराच्या पाठीवर फुंकर घालत उभी राहिली.

मी कात्री आणली.
ठेवून दिली.
नखांनी पाहिलं, दातांनी पाहिलं.
मग मंदाच्या ड्रॉवरमधला आकडा घेतला,
वेढ्यात खुपसला, काटा काढतात तसा, हळू.
"डावीकडून पाहा काका,
काकू डावऱ्या होत्या ना."
चौतीस वर्षांचा संसार. मला ठाऊकच होतं.
गाठीलाही ते ठाऊक असेल, हे सुचलं नव्हतं.

सुटली.
टाकीत धूळ, एक वाळकी पाल,
आणि प्लास्टिकच्या पिशवीत पंप,
क्षार खरवडून, तेल देऊन,
माझ्या फाटक्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेला.
पुढच्या उन्हाळ्याची तयारी.
तेव्हा रिपोर्ट येऊन आठ दिवस झाले होते.

पाणी भरलं. बटण दाबलं.
आधी नुसती धूळ, मग ऊन ऊन हवा,
मग जुन्या ताट्या भिजल्याचा वास.
मला भीती होती की तिचा वास येईल.
नाही आला. वाळ्याचाच आला.
बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण नंतर.

"ती खिडकी लावू का काका? झळ येते."
"राहू दे," मी म्हणालो,
आवाज माझा, पुढचं वाक्य मंदाचं,
"समोरची खिडकी उघडी पाहिजे.
नाही तर कूलर घर गार नाही करत,
नुसतं दमट करते."

पोर झोपलं.
त्याची आईही बसल्या बसल्या झोपली,
तोंड उघडं टाकून.
मी चहा ठेवला नाही, भांडं वाजेल म्हणून.

रात्री दोनला पंप कोरडा वाजला.
या वेळी ती उठायची,
मला कधी कळायचंही नाही.
उठलो. पाच बादल्या.
त्यातली निम्मी दारातच सांडली.
ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिलो जरा वेळ.

बाहेर तारेवर पातळ वाळत होतं,
गाठीच्या जागी चुण्या तशाच.
सकाळी इस्त्री फिरवावी का,
ठरत नव्हतं.