आडातच नव्हतं

ऱ्हाइनकाठच्या आमच्या गावात विहिरी सात.
सातींचा गाळ मीच काढायचो,
कमरेला दोर, टोपीवर मेणबत्ती,
वर आभाळ एका फेनिगएवढं.

त्या हिवाळ्यात नगरसभेनं बोलावलं.
एबर्लिन, बाजारातल्या विहिरीत उतर,
ज्यूंनी टाकलेली विषाची पुरचुंडी शोध.
रोग अजून आला नव्हता.
त्याची बातमी तेवढी घोड्यावरून पुढं आली होती.

उतरलो. मिळालं ते सांगतो:
तळ फुटलेला पोहरा,
लहान मुलाचा लाकडी बूट,
माझ्याच हातून गेल्या साली पडलेली पळी,
आणि एक बेडूक, जिवंत, माझ्याकडे बघत.
वर आलो तर बाराही जण काठावर वाकलेले.
मी म्हणालो, खाली अंधार फार. नीट दिसलं नाही.

एवढंच म्हणालो.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
आमच्या गावात आलं.

आता म्हातारपणी बसून डोक्यातला गाळ उपसतो.
दर वसंतात चर्चच्या पायऱ्यांवर नाटक व्हायचं.
वेंडेल भटारी तागाची तांबडी दाढी लावून
तीस नाणी मोजायचा,
पोरं दाढीवर शेण मारायची, आम्ही पोट धरून हसायचो.
नाटक संपलं की दाढी पेटीत जायची.
शेण उरलेलं असायचं,
आणि मेशुलाम त्याच रस्त्यानं घरी चाललेला असायचा.

अजून खाली जातो.
मेशुलामचा पणजा म्हणे चामडं कमवायचा.
मग संघ निघाला, संघाला संत मिळाला,
संताच्या मेणबत्तीवर हात ठेवून शपथ घेईल
त्यालाच चामड्याला हात लावता येईल, असं ठरलं.
शेत घ्यायचं नाही. लोखंड ठोकायचं नाही.
उरलं ते व्याज. आमच्यासाठी ते पाप,
आणि त्यावाचून आमचं एकही साल निभत नव्हतं.
सरदारानं बुरूज बांधला तेव्हा मेशुलामला पिळलं,
मेशुलामनं आमच्याकडं येणं मागितलं.
दारात पसरलेला हात आम्हाला त्याचा दिसला.
बुरूज तर रोजच दिसायचा,
पण बुरजाला हात नसतो.

माझं तांब्याचं पातेलं होतं त्याच्याकडे गहाण,
अकरा फेनिगांवर.
त्याची बायको गुटलिन, तिनं पातेल्याच्या कानाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली,
तिच्या उलट्या चालीच्या अक्षरांत माझं नाव.
ती पाणी त्याच विहिरीचं न्यायची,
रांगेत शेवटी उभी राहून.
हे मला ठाऊक होतं.
सगळ्यांनाच होतं.

शनिवारी नेलं त्यांना, नदीकाठच्या कुंपणात.
सुतारांना फळ्यांची मजुरी मिळाली.
मुलं किती होती, कुणी मोजलं नाही.
सरपण किती गाड्या लागलं
ते नगरसभेच्या वहीत आहे, सुबक अक्षरांत.
कर्जाचे कागद त्याच आगीत गेले.
घरं सरदारानं घेतली. गहाणवस्तू ज्याच्या त्याला.

रोग जूनमध्ये आला.
वेंडेल गेला, माझ्या दोन मुली गेल्या,
बारातले सात गेले.
पुन्हा विहिरीत कुणी उतरायला सांगितलं नाही.

पातेलं घरी आहे.
बायको म्हणाली होती, चिठ्ठी काढ आणि घासून घे.
घासलं. गाठ सुटली नाही,
आणि कापायला सुरी हातात घेतली की
काहीतरी दुसरंच काम आठवतं.

गावात आता एकही ज्यू नाही.
नाटक होतं दर वसंतात.
तांबडी दाढी यंदा माझ्या नातवाला बसली, अगदी बेतून शिवल्यासारखी.
पेटीतून काढताना त्यानं विचारलं,
आजोबा, ज्यू दिसायचे कसे?

म्हटलं, रांगेत शेवटी उभे राहायचे,
पाण्यासाठी.

तो हसला. त्याला वाटलं, थट्टा करतोय.