नॅशनल साउंड सर्व्हिस, बोरी

दुकानावरची पाटी अब्बांनी रंगवून घेतली
मी चौथीत होतो तेव्हा.
'नॅशनल' कामून, विचारलं तर म्हणाले,
नाव मोठं ठेवलं की भोंगा लांब जातो.
भोंगा गेला जिंतूर, सेलू, एकदा मानवतपर्यंत.
त्याच्या पुढं नाही.

एकतीस वर्षं माइक लावतोय, मित्रा.
आठ लोकसभा. विधानसभा मोजल्या नाहीत.
उरूस, जयंत्या, शाळेचं गॅदरिंग.
साहेब लोकांची उंची मला पाठ आहे,
कोण माइक तोंडात घेतो, कोण आधी खाकरतो,
कोणाच्या भाषणात पाणी कितव्या मिनिटाला येतं
आणि नळाला येतच नाही.
स्टँडचा स्क्रू त्यांच्याच मापाला
गंजून बसला, तो बसलाच.

परवा ग्रामसभेत तू उठलीस.
कॉलेज सुटायच्या आधीच एसटी निघून जाते,
पोरी रिक्षाला लटकून येतात,
एवढंच म्हणालीस. हातात कागद, कागदावर तारखा.
ग्रामसेवक म्हणाला, हे आपल्या हातात नाही बाई,
हे वरून होतं.
तू म्हणालीस, "वर म्हणजे कुठं?"

लोक हसले.
मी अँप्लिफायरजवळ बसलेलो,
सुई लाल रेघेला टेकली होती.
एवढ्या वर्षांत हा प्रश्न
मपल्या वायरीतून गेला नव्हता.
"परभणी? मुंबई? दिल्ली?
पत्ता सांगा, मी जाते."
आणि तोंड माइकला पुरेना म्हणून
टाचा उचलून उभी होतीस.

तर जा.
त्या पोरांसारखं करू नको
ज्यांचे चेहरे फ्लेक्सवर खालच्या रांगेत
पोस्टाच्या तिकिटाएवढे असतात.
पेट्रोलचं कूपन, पुलावाचं पाकीट,
गळा बसेस्तोवर 'तुम आगे बढो'.
दुसऱ्याला पुढं ढकलता ढकलता
आपला ज्ञानोबा बेचाळिशीला आला,
अजून सतरंज्या झटकायलाय,
अजून त्याला 'युवा' म्हणतात.

घरचे म्हणतील तलाठ्याची परीक्षा दे.
दे. पोट लागतंच.
पण खिडकीच्या आत बसलीस तरी
खिडकी कुठं काढायची
हे ठरतं कायदे होतात त्या घरात.
तिथं वय पंचवीस लागतं. तुझी सहा वर्षं बाकी.
तोवर बजेट वाच, नाही कळलं तर परत वाच.
तांड्यावर जा, मोंढ्यात बस,
ज्यांना तुझी जात खुपते त्यांच्याही ओट्यावर जा.
चहा देतील, न देतील.
हिंदी पाहिजे तर माझ्याकडं ये.
आपल्या दखनीला तिकडं हसतील,
हसणारा माणूस ऐकत असतो, एवढं ध्यानात ठेव.

पहिल्यांदा हरशील. डिपॉझिटही जाईल.
पडलेल्यांच्या मांडवातून मी वायर गुंडाळलीय
रात्री दोनला, एकट्यानं.
त्यातले दोघं-तिघं
सकाळी खुर्च्या मोजायला स्वतः आले.
मी नेता म्हणतो तो त्यांना.

परभणीहून सचखंड थेट दिल्लीला जाते.
फौजी बसतात, भाविक बसतात,
कामाच्या शोधातली पोरं दारात बसतात.
प्रश्न घेऊन कोणी चढलेलं
मी तरी पाहिलं नाही.

काल रात्री स्क्रूवर घासलेट सोडलं.
सकाळी पान्हा घातला. कुरकुरला, मग फिरला.
स्टँड खाली आला, तुझ्या हनुवटीएवढा.

तेवढ्यात तूच आलीस. म्हणालीस,
चाचा, उद्या प्रॅक्टिकल आहे, जर्नल व्हायचंय,
लवकर सांगा, एसटीसाठी डेपोपुढं बसायलोत आम्ही,
दिवसभराचं भाडं किती?

वहीत लिहून ठेवलंय:
संघमित्रा खंदारे. माइक एक, भोंगे दोन.
भाडं बाकी.
पत्त्याचा रकाना मोकळा सोडलाय.