बुंधा ठेवायचा

बाप केमनच्या खडकांवर बुडी मारायचा,
कमरेला माळ्याची कात्री.
मऊ काळ्या प्रवाळाच्या फांद्या छाटायचा,
बुंधा ठेवायचा. "फुटतो परत," म्हणायचा.
गोण्या बर्फात, बर्फ विमानात,
पैसे शुक्रवारी.
आत काय असतं, कुणी सांगितलं नाही त्याला.
"कसलीशी चरबी," एवढंच.

आता ती कारखान्यात करतात.
रात्रपाळीला मी जेलची सिरिंज घेऊन
रोझेलाच्या पायांशी उभी.
दिवस उलटून गेलेत, बाळ हटून बसलंय.

वीस कार्बनांचा धागा,
मध्येच वळून स्वतःला गाठ मारलेला.
ना ग्रंथी, ना गाव;
जिथे जन्मतो तिथेच बोलतो
आणि मिनिटभरात विरतो.
तोंडाला सांगतो, सैल हो.
पिशवीला सांगतो, आवळ.

बापाच्या गुडघ्यांतही तोच बोलतो हल्ली.
मी ॲस्पिरिन देते,
त्याला गप्प करायला.

चार वाजता रोझेलाने पलंगाची दांडी धरली.
तेवढ्यात फोन. बाप जागाच.
"ठणकतंय गं," म्हणाला.
मी म्हटलं, "इथेही. थांब जरा."